ठरल्याहून अधिक काम कोणाच्या हक्काचे?



रमजानमधील एका सायंकाळचा प्रसंग आपल्यासमोर ठेवतो. असरची नमाज झाली होती. घरात पती-पत्नी दोघेही नोकरी करणारे. त्यांचे दीड वर्षाचे मूल सांभाळण्यासाठी एक प्रौढ भगिनी रोज सकाळी येत असे. घरातील सर्वजण तिला ‘खाला’ म्हणत. बाळाला न्हाऊ-माखू घालणे, मऊ भात भरवणे, झोपवणे, त्याची दुपटी धुणे आणि सायंकाळी साडेपाचला निघणे, एवढे तिचे काम ठरले होते. त्या दिवशी इफ्तारला पाहुणे येणार होते. बाळ झोपलेले पाहून घरच्या सूनबाईने विचारले, “खाला, तोवर एवढे समोसे भरून देता का?” खालाने समोसे भरले. मग फळे चिरून झाली. मग ओट्यावर साचलेली भांडी तिने आपण होऊनच घासली, कारण कोणी काही बोलले नसले तरी ती तिच्यासमोरच पडलेली होती. ती घराबाहेर पडली तेव्हा सव्वासहा वाजून गेले होते. तिने आपला रोजा बसमध्ये, उभ्यानेच, पाण्याच्या घोटावर सोडला. घरी तिची दोन मुले तिची वाट पाहत होती.

दुसऱ्या दिवशी तिने खाली मान घालून एवढेच सांगितले, “भाभी, बाळाचं सगळं करीन. बाकीचं काम मात्र माझ्याच्याने व्हायचं नाही.”

घरात सर्वांनाच ते लागले. ‘हिला आपण घरच्यासारखे वागवतो, ईदला कपडे देतो, मागच्या पावसाळ्यात तिच्या औषधपाण्याचे पाहिले आणि ही आता कामाचा हिशोब करते!’ असे उद्गार निघाले.

वाचकहो, हे घर दुसऱ्या कोणाचे नाही, माझेच आहे. खाला स्वयंपाकघरात समोसे भरत होती, तेव्हा मी बाहेरच्या खोलीत दिव्य कुरआनचे पठण करीत बसलो होतो. माझे दोन्ही हात रिकामे होते. तिचे बोलणे मलाही लागले होते, हे कबूल केल्यावाचून पुढे लिहिणे योग्य होणार नाही. ते का लागले, याचा शोध घेताना जे हाती आले ते आपल्यासमोर मांडत आहे.

मदयनचा करार

त्याच महिन्यात पठण करताना सूरह अल-कससमधील आदरणीय मूसा (अलै.) यांचा मदयनमधील प्रसंग पुन्हा वाचनात आला. आपण सर्वांनी तो अनेकदा वाचला आहे. मिस्रमधून जीव वाचवून निघालेले, निर्धन आणि निराधार असे मूसा (अलै.) मदयनच्या पाणवठ्यावर पोहोचतात. तेथे दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजतात आणि नंतर त्यांच्या वयोवृद्ध पित्याकडे जातात. त्यांना कामावर ठेवावे, असे सुचवणारी त्या घरातील मुलगीच आहे. सामर्थ्यवान आणि विश्वासू माणूस हाच कामावर ठेवण्यास सर्वांत योग्य, असे ती पित्याला सांगते.

त्यानंतर जो करार होतो, त्यातील चार गोष्टींकडे आपले लक्ष वेधतो. पहिली, मुदत स्पष्ट आहे: आठ वर्षे. दुसरी, कोणी दहा वर्षे पूर्ण केली तर ती वरची दोन वर्षे सेवकाच्या बाजूने, त्याच्या स्वखुशीने असतील, असे मालक स्वतः बोलून दाखवतो. तिसरी, मला तुला कष्टात टाकायचे नाही, असे आश्वासनही मालकच देतो. चौथी, मूसा (अलै.) हा करार मान्य करताना निःसंकोचपणे सांगतात की, दोहोंपैकी कोणतीही मुदत मी पूर्ण केली, तरी माझ्यावर जबरदस्ती होता कामा नये, आणि या बोलण्यावर ते अल्लाहला साक्षी ठेवतात.

येथे थोडे थांबून विचार करावा. दोघांमध्ये गरजू कोण होता? मूसा (अलै.) होते. त्यांना घर नव्हते, पैसा नव्हता आणि मागे फिरावे तर जिवाला धोका होता. अशा माणसाकडून दहा काय, पंधरा वर्षेही कबूल करून घेता आली असती. तरीही मर्यादेची रेषा प्रथम आखली ती ज्याच्या हाती सामर्थ्य होते त्याने. शिवाय हा करार अनोळखी मजुराशी झालेला नव्हता. त्या घरचा जावई होणाऱ्या माणसाशी तो होत होता. म्हणजे ‘घरच्यासारखे’ नव्हे, तर खरोखर घरचे नाते जुळत असताना काम, काळ आणि मर्यादा या गोष्टी तोंडाने बोलून ठरवल्या गेल्या. त्याने नात्यात काही उणे आले नाही.

मूसा (अलै.) यांनी यांपैकी कोणती मुदत पूर्ण केली, असा प्रश्न आदरणीय इब्ने अब्बास (रजि.) यांना विचारण्यात आला होता. त्यांनी अधिक मोठी व अधिक उत्तम मुदत पूर्ण केली, असे उत्तर त्यांनी दिल्याचे बुखारीमध्ये नोंदलेले आहे. म्हणजे वरची दोन वर्षे मिळाली. पण ती मागून मिळाली नाहीत. मागण्याचा हक्क आपला नाही, हे मालकाने आधीच सांगून टाकले होते.

इहसान आणि वसुली

माझ्या मते या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. ठरल्याहून अधिक केलेले काम जेव्हा करणाऱ्याच्या मनातून येते तेव्हा ते इहसान असते आणि त्याचे मोल अल्लाहपाशी आहे. तेच काम जेव्हा समोरचा गृहीत धरतो, तेव्हा ती वसुली होते. बाहेरून पाहता दोन्हींत फरक दिसत नाही. समोसे तेच आणि भरणारे हातही तेच. फरक असतो तो संमतीचा. माणसाची मालमत्ता त्याच्या मनाच्या खुशीवाचून दुसऱ्यास हलाल होत नाही, असा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या शिकवणुकीचा आशय आहे. ज्याच्यापाशी श्रम आणि वेळ यांखेरीज दुसरी पुंजीच नाही, त्याच्या श्रमाला हा नियम लागू नाही, असे कोणता ईमानधारक म्हणू शकेल?

‘पण तिने नाही कुठे म्हटले?’ असे आपण म्हणतो. त्या सायंकाळी खालाने नाही म्हटले नव्हते, हे खरे आहे. परंतु जिच्या मुलांची शाळेची फी आपण देत असलेल्या पगारातून भरली जाते, तिच्या मौनाला संमती मानणे कितपत न्याय्य आहे? आपल्या विनंतीत आज्ञा दडलेली आहे की नाही, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. तिने नकार दिला तर उद्या आपल्या बोलण्यातील गोडवा कमी होईल काय? पुढच्या महिन्यात रजा मागताना तिला या नकाराची आठवण करून दिली जाईल काय? या प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेल, तर आपण विनंती केलेली नाही. केवळ आज्ञेला विनंतीचे शब्द दिले आहेत.

फिक्ह काय सांगते?

बाळ सांभाळण्याचा मोबदला हा विषय इस्लामला नवा नाही. दूध पाजणाऱ्या दाईला ठरलेले वेतन रीतसर द्यावे, हे सूरह अल-बकरामध्ये सांगितले आहे. सूरह अत-तलाकमध्ये तर मुलाची माता विभक्त झाल्यानंतर दूध पाजत असेल, तर तिलाही मोबदला द्यावा आणि आपसांत भल्या रीतीने सल्लामसलत करावी, असा आदेश आहे. प्रत्यक्ष मातेच्या ममतेचा आधार घेऊन तिचा मोबदला बुडवण्याची मुभा कुरआन देत नाही. मग ‘बाळावर तिची माया आहे’ असे सांगून परक्या भगिनीकडून फुकट काम करून घेण्यास आधार कोठून आणायचा?

फिक्हमध्ये अशा कराराला ‘इजारा’ म्हणतात. काम आणि वेतन दोन्ही माहीत असावे, ही त्याची मूलभूत अट आहे. आपल्यापैकी बहुसंख्य हनफी आहेत, कोकणातील आपले बांधव शाफई आहेत. पण या मूळ अटीबाबत मतभेद नाही. कारण अस्पष्टता हीच पुढे तंट्याची जननी ठरते.

हनफी फिक्हचा ‘हिदाया’ हा ग्रंथ आपल्या मदरशांमध्ये आजही शिकवला जातो. त्याचे कर्ते इमाम मर्गीनानी (रह.) हिजरी 593 मध्ये निवर्तले. म्हणजे सुमारे साडेआठशे वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ आहे. त्यात दाईच्या कामाची नेमकी हीच चर्चा आढळते. बाळाचे अन्न तयार करणे आणि बाळाचे कपडे धुणे ही कामे रिवाजानुसार दाईची मानली आहेत. बाळाच्या अन्नाचा खर्च मात्र पित्याकडे आहे. इमाम मुहम्मद (रह.) यांनी तेल व सुगंधी वस्तू दाईने पुरवाव्यात असे जे म्हटले होते, ते कूफा शहराच्या रिवाजाला धरून होते, असा खुलासाही तेथे आहे. म्हणजे जेथे स्पष्ट बोलणे झालेले नाही, तेथे त्या ठिकाणचा रिवाज निर्णायक ठरतो. पण हा रिवाज कशाभोवती फिरतो, ते पाहा: बाळाचे अन्न, बाळाचे कपडे, बाळाची निगा. बाळाच्या पित्याची भांडी, आजोबांचे कपडे आणि पाहुण्यांचे समोसे त्यात येत नाहीत.

कोणी म्हणेल, ‘आजकाल सगळ्यांच्या घरी बाळ सांभाळणारी थोडे वरकामही करतेच, मग तोच रिवाज झाला.’ याला उत्तर असे की, रिवाज हा करारातील मोकळी जागा भरण्यासाठी असतो. जे स्पष्ट ठरले आहे ते पुसून टाकण्यासाठी नसतो. वरकाम हवे असेल तर ते आरंभीच सांगावे आणि त्याचे वेगळे वेतन ठरवावे. तो पूर्णपणे वैध व्यवहार आहे. अवैध आहे ते बाळाच्या नावाने ठेवून हळूहळू सगळे घर तिच्या माथी मारणे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार वाटतो: ‘बाळ दोन तास झोपते, तेव्हा ती बसूनच असते. तिच्या वेळेचे पैसे तर आपण दिलेलेच आहेत.’ वेळेवर नेमलेला सेवक ठरलेल्या वेळी हजर राहिला की वेतनास पात्र होतो, हे फुकाहांनी मान्य केले आहे. परंतु तो वेळ ठरलेल्या कामासाठी नेमलेला असतो. चोर न आलेल्या रात्री पहारेकऱ्याने काही काम केले नाही, असे आपण म्हणत नाही. त्याचे जागे राहणे हेच काम असते. निजलेल्या बाळाजवळ असणे हेही कामच आहे. ते केव्हाही दचकून उठते, पाळण्यातून उतरू पाहते. आणि तिचे हात गरम तेलाच्या कढईत गुंतवून ठेवल्यावर बाळ पडले, तर दोष आपण कोणाला देणार आहोत?

घरातील रिकामे हात

अबू जर (रजि.) यांची हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. तुमच्या हाताखालचे लोक तुमचे बांधव आहेत. तुम्ही जे खाता ते त्यांना खाऊ घाला, जे नेसता ते नेसवा, झेपणार नाही असे काम त्यांच्यावर लादू नका आणि लादलेच तर त्यांना हातभार लावा, असा तिचा आशय आहे. अबू जर (रजि.) यांनी ही शिकवण इतकी मनावर घेतली की, रबजा येथे त्यांना भेटणाऱ्यांना त्यांचा आणि त्यांच्या सेवकाचा पोशाख एकसारखा आढळला. हे शब्द त्या काळच्या गुलामांसंबंधीही होते. मग जी भगिनी स्वतंत्र आहे आणि करार करून आपल्या दारी आली आहे, तिचा हक्क किती अधिक असेल!

‘हातभार लावा’ या शब्दांनी मला सर्वाधिक लाजवले. खालाकडे भांडी का गेली? तर ती घासायला घरात दुसरे कोणी पुढे आले नाही म्हणून. दोष सूनबाईचा आहे, असे मी क्षणभरही म्हणणार नाही. ती स्वतः रोजा ठेवून, नोकरीवरून येऊन उभी होती. घरातील पुरुषांनी आपला वाटा उचलला नाही, म्हणून तिच्यावरचे ओझे तिने तिच्याहून दुबळ्या बाईकडे सरकवले. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) घरी काय करीत असत, या प्रश्नावर आदरणीय आयेशा (रजि.) यांनी सांगितले की, ते घरच्यांच्या कामात मदत करीत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. प्रेषितांची कन्या फातिमा (रजि.) यांचे हात जात्याने घट्टे पडून दुखत असत, त्यांनी सेवक मागितला, तेव्हा प्रेषितांनी त्यांना झोपतेवेळी करावयाचा जप शिकवला. आपल्या घरात मात्र जप करणारे निवांत आणि जाते दळणारी भाड्याची, अशी विभागणी झाली आहे काय, हा प्रश्न प्रत्येक गृहप्रमुखाने स्वतःला विचारावा.

आणि आपल्या उपकारांचे काय? ईदचे कपडे, औषधाचे पैसे हे दान असेल तर त्याची भरपाई श्रमातून मागता येत नाही. उपकार बोलून दाखवून आपले दान वाया घालवू नका, असा कुरआनचा स्पष्ट इशारा आहे. मजुराकडून पूर्ण काम करून घेऊन त्याची मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल, ही हदीसही आपण जाणतो. वरच्या पाऊण तासाची मजुरी बुडवणारा त्या इशाऱ्यातून सुटतो, असे समजायला मला तरी आधार सापडला नाही.

तिचा ‘नाही’ आणि तिची जबाबदारी

हा लेख कदाचित एखादी अशी भगिनीही वाचत असेल, जी दुसऱ्याचे मूल सांभाळून आपले घर चालवते. तिला सांगावेसे वाटते की, ठरल्याहून अधिक कामाला नकार देणे हा उद्धटपणा नाही आणि कृतघ्नपणाही नाही. अल्लाहच्या एका महान प्रेषिताने कामावर रुजू होतानाच ‘माझ्यावर जबरदस्ती नको’ असे म्हटले आहे. मात्र हे बोलणे आरंभीच, शांतपणे आणि स्पष्ट व्हावे. महिनोन्महिने मनात साठवून एके दिवशी काम सोडून जाण्यापेक्षा ते दोघांच्याही हिताचे असते. त्याचबरोबर जे काम स्वीकारले ते अमानत आहे. बाळ रडत असताना मोबाइलमध्ये गुंतणे, ठरलेल्या वेळी न येणे, हाही हक्क बुडवणेच होय. मदयनच्या त्या मुलीने सामर्थ्याबरोबर विश्वासूपणाचीही अट सांगितली होती.

हीच गोष्ट आपण दुसऱ्या बाजूनेही पाहावी. आपल्या कोकणातील कितीतरी कुटुंबे आखाती देशांत आहेत. काहींच्या घरी आया आहेत, तर काही गरीब घरांतील आपल्या भगिनी तेथे दुसऱ्यांच्या घरी राबतात. त्यांना तेथे बाळाच्या नावाने नेऊन पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत सगळ्या घराला जुंपले, तर आपला जीव तुटतो. जे स्वतःसाठी आवडते तेच बांधवासाठी आवडल्यावाचून ईमान पूर्ण होत नाही, ही कसोटी मुंब्र्याच्या आणि मिरजेच्या घरालाही तितकीच लागू आहे.

जगही आज या दिशेने पाहू लागले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 मध्ये घरकामगारांसाठी जो करारनामा क्रमांक 189 मंजूर केला, त्यात कामाचे स्वरूप आधी सांगण्याची अट आहे. भारताने त्यास अद्याप अधिकृत मान्यता दिलेली नाही. महाराष्ट्रात 2008 च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाची तरतूद झाली. कायदा येईल तेव्हा येवो. ज्याच्या घरात मदयनचा करार चौदाशे वर्षे वाचला जात आहे, त्याने कायद्याची वाट पाहत का थांबावे?

काही व्यवहार्य सूचना कराव्याशा वाटतात. बाळ सांभाळण्यासाठी कोणास ठेवताना कामांची यादी एका कागदावर लिहावी आणि तिला ती वाचून दाखवावी. येण्याची व जाण्याची वेळ ठरवावी, विशेषतः रमजानमधील. अडचणीच्या वेळी अधिक काम हवे असेल तर आधी विचारावे, त्याचे वेतन आधी सांगावे आणि नकार दिल्यास मनात किंतु ठेवू नये. ‘तुम्हाला जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगा,’ हे वाक्य तिच्या तोंडून यायची वाट न पाहता आपणच प्रथम उच्चारावे. मदयनच्या त्या वृद्धाची ही सुन्नत फार विस्मृतीत गेली आहे.

आमच्या घरी त्यानंतर तसा कागद झाला. इफ्तारची भांडी मी आणि माझा मुलगा घासू लागलो. त्या सायंकाळच्या पाऊण तासाचे वेतन खालाच्या हाती देऊन मी तिची क्षमा मागितली. काही महिन्यांनी सूनबाईला ताप भरला, तेव्हा खाला कोणी न सांगता दोन तास अधिक थांबली आणि तिच्यासाठी पेज करून दिली. आम्ही मागितले नव्हते. ‘अधिक केलेस तर ते तुझ्या बाजूने’ या शब्दांचा अर्थ मला त्या दिवशी तिच्या हातच्या पेजेतून उमगला.

प्रेषितांना लहानपणी सांभाळणाऱ्या उम्मे ऐमन (रजि.) यांना ते आयुष्यभर भेटायला जात असत, त्यांच्यानंतर अबू बक्र (रजि.) आणि उमर (रजि.) हेही तोच परिपाठ पाळून त्यांच्या भेटीस गेले. ज्या हातांनी आपल्या मुलाला पहिला घास भरवला, त्या हातांशी आपला व्यवहार उद्या आपली मुले आठवतील आणि परवा अल्लाहच्या दरबारात तो वाचून दाखवला जाईल.

अल्लाह आपणा सर्वांना हक्क ओळखण्याची आणि ते मागण्याआधीच अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.